थंडीत टोकलेली काकडी का अडून बसते?

पत्र :
आमचं परभणी जिल्ह्यात विहिरीखाली वीस गुंठे रान आहे. रमजान आता फेब्रुवारीत येतो, तेव्हा काकडीला भाव राहील म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सऱ्या पाडून काकडी टोकली. निम्मं बी उगवलंच नाही. जे उगवलं ते दोन पानांवर तसंच उभं आहे आणि दुपारी माना टाकतं. मालक म्हणतात बी बोगस निघालं. दुकानदार म्हणतो युरिया द्या. लेक मोबाईलवर थंड देशांतले व्हिडिओ दाखवते, तिकडं बर्फ पडतो तरी काकडी येते म्हणते. पावसाळ्यात कापसात टाकलेली वाळकं न बघता वाढतात, मग ही पैसे घालून लावलेली काकडी का वाढंना? प्लॉट मोडू का ठेवू? परत लावायची तर कधी लावू?
– एक शेतकरी भगिनी

ताई, तुमचं पत्र जानेवारीच्या सुरुवातीलाच मिळालं हे बरं झालं, कारण हातात अजून वेळ आहे. घाईचं आधी सांगते. उभा प्लॉट आज मोडू नका. त्याला युरिया अजिबात देऊ नका. आणि येत्या चार-पाच दिवसांत घरी ट्रेमध्ये नवं बी घाला. का, ते आता नीट सांगते.

वाळकाचा तुमचा प्रश्न फार नेमका आहे, उत्तर त्यातच आहे. जून-जुलैत आपली जमीन रात्रीसुद्धा २५ अंशांच्या खाली क्वचितच जाते. बी पडलं की चौथ्या दिवशी वर येतं. काकडीच्या बियाला ३० अंशांच्या मातीत उगवायला साधारण ३ दिवस लागतात, २५ अंशांत ४, २० अंशांत ६ आणि १५ अंशांत थेट १३ दिवस. १२ अंशांच्या खाली ते जवळपास हलतच नाही. डिसेंबरात तुम्ही टोकलेलं बी गार, ओल्या काळ्या मातीत दहा-बारा दिवस फुगून पडून राहिलं असणार. इतके दिवस तसं पडलेलं बी बुरशी खाते. उकरून पाहिलं तर बोटानं दाबताच मऊ पडलेलं, वास येणारं बी सापडेल.

म्हणून बियाणं बोगस आहे असं लगेच ठरवू नका. पाकीट आणि पावती जपून ठेवा. उरलेल्यातलं वीस बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवा, मटकीला मोड आणतो तसं ओल्या फडक्यात बांधा आणि चुलीजवळच्या उबदार कोनाड्यात ठेवा. फडकं सुकू देऊ नका. चार-पाच दिवसांत वीसपैकी सोळा किंवा जास्त बियांना मोड आले तर बियाण्यात खोट नाही, तुमची जमीन गार होती. सात-आठांनाच मोड आले तर मालकांचं म्हणणं खरं, मग तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या.

उगवलेली रोपं दुपारी माना टाकतात, त्याचंही मूळ गारव्यातच आहे. दुपारी २८-२९ अंशांचं ऊन पानांवर असतं, पानं पाणी मागतात, पण रात्रभर गारठलेल्या मातीतून मुळांना पाणी ओढता येत नाही. माती ओली असून रोप तहानलेलं राहतं. आपण माना टाकलेल्या बघतो आणि आणखी पाणी सोडतो. माती आणखी गार होते, दुसऱ्या दिवशी माना आणखी खाली. हे चक्र तुमच्या रानात चालू असणार, असं पत्रावरून वाटतं. युरियाचंही तेच. जी मुळं पाणी घेत नाहीत ती खत कुठून घेणार? ऊब आल्यावर तो साचलेला नत्र एकदम लागतो, वेल नुसता लुसलुशीत फोफावतो आणि मावा धावून येतो.

आता लेकीच्या व्हिडिओंबद्दल. तिला सांगा की उघड्यावर, बर्फात काकडी कुणाचीच येत नाही. इंग्लंडसारख्या देशात बी एप्रिलच्या सुमारास काचेच्या घरात किंवा घरातल्या उबदार खिडकीत पेरतात आणि रोपं बाहेर नेतात ती मे संपता-संपता किंवा जूनमध्ये, रात्रीच्या हिमाची भीती पूर्ण गेल्यावर. तिथला शेतकरी थंडीशी झुंजत नाही, ती जाईपर्यंत रोप आत सांभाळतो. एवढं त्यांच्याकडून जरूर घ्यावं. मात्र त्यांचे प्लास्टिकचे बंद बोगदे तसेच्या तसे उचलू नका. त्यांच्या वसंतातला दिवसही गारच असतो, ऊनही मवाळ. आपल्याकडे जानेवारीत पहाटे ९-१० अंश आणि दुपारी २९. बंद प्लास्टिकखाली दुपारी चाळिशी ओलांडते आणि पानं भाजून निघतात. मराठवाड्यात ऊब कमी पडत नाही, ती पहाटेपर्यंत टिकत नाही. दिवसाची ऊब मातीत धरून ठेवायची आणि रोप लहान असताना त्याला पहाटेच्या गारव्यापासून वाचवायचं, थंडीतल्या काकडीचं सगळं काम एवढ्याभोवतीच आहे.

कधी लावायची? जमीन मोजून ठरवा. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा काचेचा थर्मामीटर घ्या. तापाचा चालत नाही, तो ३५ अंशांच्या खालचं दाखवतच नाही. ज्या गादीवाफ्यावर लावायचं तिथे सकाळी सातला दोन इंच खोल खुपसून दोन-तीन मिनिटं थांबा. असं ओळीनं चार दिवस करा. चारही दिवस १५ च्या वर आलं तर तयार रोपं लावायला हरकत नाही. बी थेट टोकायचं असेल तर १८ ची वाट बघा. तुमच्या भागात रोपांची वेळ बहुतेक वर्षी संक्रांतीनंतर दहा-बारा दिवसांनी येते आणि टोकणीची फेब्रुवारीत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात टोकलेली काकडीही साधते, ती कडक थंडीच्या आत माल देऊ लागते. पण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत उघड्या रानात बी टोकू नये, हे माझं ठाम मत आहे. परभणीची थंडी साधी समजू नका. २०१८ च्या डिसेंबरअखेर इथला पारा २ अंशांपर्यंत उतरला होता. अशा पहाटे जमिनीलगत त्याहूनही गार असतं आणि काकडीला तर १० अंशांच्या खालीच इजा व्हायला लागते.

आता रोपांचं. वीस गुंठ्यांत पाच फुटांवर ओळ आणि दीड फुटावर रोप धरलं तर तीन हजारांच्या आत रोपं लागतात. त्याला शंभर ग्रॅमच्या आसपास बी पुरतं, म्हणजे टोकणीपेक्षा बियाण्याचा खर्चही कमी. पन्नास कप्प्यांचे साठ ट्रे आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणा. ट्रे नसतील तर तळाला भोक पाडलेले कागदी कप चालतात, त्यात चाळलेलं जुनं शेणखत आणि पोयटा निम्मा-निम्मा भरा. बियाला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशीची पूड चोळा, वर सांगितल्यासारखे मोड आणा आणि मोडाचं टोक जेमतेम दिसताच एका कप्प्यात एक बी अर्धा इंच खोल ठेवा. मोड लांब होऊ दिला तर हाताळताना तुटतो.

ट्रे दिवसभर घराच्या दक्षिणेच्या भिंतीशी उन्हात ठेवा आणि दिवस मावळला की गोठ्यात न्या. जनावरांच्या अंगाच्या ऊबेनं गोठा बाहेरच्यापेक्षा चांगलाच उबदार राहतो. फक्त ट्रे उंच माचीवर ठेवा, काकडीचं बी उंदरांना फार आवडतं. कोंब वर येईपर्यंत वरून प्लास्टिक झाका, कोंब दिसला की त्याच दिवशी काढा. उन्हाला कमी पडलेलं रोप लांबट, पांढुरकं होतं आणि रानात जाऊन आडवं पडतं, तेव्हा ट्रे आत-बाहेर करण्याचा कंटाळा करू नका. पाणी दुपारी, उन्हात ठेवलेल्या बादलीतलं. थंडीत १८ ते २२ दिवसांत रोपाला दोन खरी पानं येतात. तेवढंच रोप हवं. चार पानांवर गेलं की मुळं कप्प्यात गुंडाळली जातात, आणि काकडीच्या मुळांना धक्का अजिबात सोसत नाही. शेवटच्या तीन-चार रात्री ट्रे बाहेरच, पण झाकून ठेवा, म्हणजे रोप काटक होतं.

तोवर रान तयार करा. ओढ्याकाठचा सखल तुकडा असेल तर तो सोडा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा उताराकडे सरकते आणि खोलगटात साचते. बांधाकडचा थोडा उंच, हलक्या जमिनीचा तुकडा भारी काळीपेक्षा लवकर तापतो. गादीवाफे दहा-बारा दिवस आधी पाडून उन्हाला तापू द्या. मल्चिंग पेपरबद्दल, म्हणजे वाफ्यावर अंथरायच्या एका बाजूनं चंदेरी, दुसऱ्या बाजूनं काळ्या प्लास्टिकबद्दल, दुकानात विचारलंत तर चंदेरी बाजू वर करा असं सांगतील. जानेवारीअखेरच्या लागवडीला ते बरोबर आहे, कारण पुढे मार्च-एप्रिलचं ऊन आहे आणि चंदेरी चमकीनं मावा, पांढरी माशी थोडी लांब राहते. पण कधी डिसेंबरात लावलंत तर काळी बाजू वर हवी, चंदेरी बाजू ऊन परतवते आणि माती गारच राहते. पेपरला पैसे नसतील तर सरी पूर्व-पश्चिम पाडा आणि वरंब्याच्या दक्षिण अंगाला लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्या उताराला जास्त ऊन मिळतं आणि खर्च काहीच नाही.

रोपं दुपारी तीननंतर लावा, त्या वेळी माती सगळ्यात तापलेली असते. लावल्या दिवशीच वरून क्रॉप कव्हर घाला, कलिंगडवाले घालतात तेच पांढरं, कापडासारखं. वेळूच्या कामट्या किंवा तारेच्या कमानी पाच-सहा फुटांवर रोवा, कव्हराच्या कडा मातीनं दाबा. त्यातून हवा खेळते म्हणून दुपारी रोप उकडत नाही आणि पहाटे आतली ऊब थोडी तरी राहते. शिवाय ऊन वाढायला लागलं की तांबडे भुंगेरे निघतात आणि कोवळी पानं चाळणीसारखी करतात, त्यांनाही कव्हर अडवतं. उत्तरेच्या बांधाला ज्वारी किंवा मक्याच्या दोन दाट ओळी असतील तर वारा अडतो. यंदा नसतील तर जुनं शेडनेट उभं बांधा. शेकोट्या पेटवून धूर करण्यावर मात्र विसंबू नका. थोडा वारा असला तरी धूर शेजाऱ्याच्या रानात जातो, ऊब राहत नाही आणि आच्छादनाला उपयोगी पडणारा पालापाचोळा जळून जातो.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथेच बहुतेकांचं बिघडतं. विहिरीचं पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा उबदार असतं, पहाटे विहिरीतून वाफ निघताना तुम्ही पाहता ती त्यामुळेच. शेततळ्याचं उथळ पाणी रात्री गारठतं. तेव्हा लहान काकडीला विहिरीचंच पाणी द्या. शेततळ्याचं द्यावं लागलं तर दुपारी, पाणी तापल्यावर. रोज थोडं-थोडं देऊन माती कायम चिखलट ठेवू नका, वाफसा आला, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी झाली, की मगच पुढचं पाणी. अपवाद कडाक्याच्या रात्रीचा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची हवामान पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. त्यात किमान तापमान ७-८ अंशांवर जाणार असं आलं, तर त्या रात्री हलकं पाणी सोडा. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि पहाटेपर्यंत हळूहळू सोडते, भेगाळलेली कोरडी माती लवकर गार पडते. लाईट रात्रीचीच असेल तर या कामाला ती उपयोगी पडेल. मात्र अंधारात एकट्यानं पाण्याची दारं धरायला जाऊ नका. ठिबक असेल तर संध्याकाळीच व्हॉल्व्ह लावून ठेवा.

खताचं फार मनावर घेऊ नका. भरपूर कुजलेलं शेणखत वाफ्यात मिसळा, लागवडीनंतर आठवड्यानं ठिबकमधून थोडं १२:६१:०० हे पाण्यात विरघळणारं खत द्या, आणि नत्राचा मोठा हप्ता वेल मांडवावर चढायला लागल्यावरच.

पहिली मादी फुलं दिसली की कव्हर काढायचंच, नाहीतर मधमाशी आत कशी जाणार? मादी फूल ओळखायला सोपं आहे, त्याच्यामागे बोटाएवढी इवली काकडी असते. आधी नर फुलं येतात आणि गळतात, तेव्हा घाबरू नका. गार रात्री आणि लहान दिवसांत उलट मादी फुलांचं प्रमाण वाढतं, थंडीची एवढी कृपा आपल्या पदरात पडते. पण फूल उमलतं एकाच दिवसासाठी, आणि फार गार सकाळी मधमाशा उशिरा बाहेर पडतात. म्हणून फुलोऱ्यात सकाळी कुठलीही फवारणी नको, करायची ती संध्याकाळी. परागीभवन अर्धवट झालं की काकडी वाकडी किंवा एका टोकाला निमुळती होते आणि अडतीला तिचा भाव पडतो.

दव पडणाऱ्या दिवसांत पानावर शिरांच्या मधोमध पिवळे चौकोनी ठिपके आणि खाली करडी-जांभळट बुरशी दिसली तर तो केवडा. पांढरी पूड दिसली तर भुरी. केवड्यासाठी वेल मांडवावर चढवणं आणि पान कोरडं राहणं हा निम्मा इलाज आहे. भुरीला गंधक चालतं, पण काकडीवर ते हलक्या प्रमाणात आणि गार वेळीच, ऊन तिशी ओलांडू लागलं की पानं करपतात. मार्चपासून फळमाशीसाठी क्यू ल्यूरचे, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या गंधाचे, सापळे लावा.

वाणांत राहुरीच्या विद्यापीठाची हिमांगी पांढरट फळाची आहे, फुले शुभांगी भुरीला बऱ्यापैकी टिकते, पुणे खिरा लवकर येतो. तुमच्या बाजारात हिरवी जास्त खपते की पांढरी, हे अडत्याला विचारून मगच बी घ्या. पॉलीहाऊसमध्ये लावतात ते परागीभवनाशिवाय फळ धरणारे वाण उघड्या वीस गुंठ्यांसाठी नकोत. बी फार महाग असतं आणि त्याचा खरा फायदा बंदिस्त घरातच मिळतो. आणखी एक. गारठा आणि पाण्याचा ताण यांनी काकडी देठाकडे कडू होते, त्यामुळे पहिल्या तोड्याची चव स्वतः घ्या. कडू लागली तर तो तोडा गिऱ्हाइकाला देऊ नका, पुढचे सुधारतात.

आता रमजानचं. आज बी घातलं तर रोपं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रानात जातील आणि पहिला तोडा मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येईल. म्हणजे रमजानची बरीचशी विक्री यंदा हुकेल, हे मोकळेपणी सांगायला हवं. पण मार्च-एप्रिलच्या उन्हात काकडीला गिऱ्हाईक असतंच, आणि तेव्हाचा माल सरळ, भरघोस निघतो. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो. २०३० मध्ये तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा एकदा सुरू होईल. बाजार काही वर्षं तुम्हाला ऐन थंडीतच काकडी मागणार आहे. त्यासाठी पुढच्या हिवाळ्यात पाचच गुंठे राखा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ट्रे भरा, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात काळ्या पेपरवर, कव्हराखाली रोपं लावा, म्हणजे कडाक्यापूर्वी मुळं धरतील. पहिला तोडा पंचेचाळीस-पन्नास दिवसांऐवजी सत्तरीपर्यंत लांबेल, ते हिशेबात धरा. उरलेले पंधरा गुंठे संक्रांतीनंतरचे. कर्ज काढून सगळं रान डिसेंबरात लावायचं धाडस करू नका, एका थंडीच्या लाटेत ते जातं.

राहिला उभा प्लॉट. आठवडाभर पाणी तोडा, माती हलकी खुरपून मोकळी करा आणि कव्हर आणणारच असाल तर आधी याच रोपांवर टाका. नांग्या, म्हणजे न उगवलेल्या रिकाम्या जागा, बी टोकून भरू नका, ते बीही कुजेल. त्या जागांसाठी ट्रेमधली शे-दोनशे रोपं जास्तीची धरा. संक्रांत झाल्यावर चार ठिकाणची चार रोपं मुळासकट उपटून बघा. मुळ्या पांढऱ्या असतील आणि शेंड्यात तिसरं पान हिरवं दिसत असेल तर प्लॉट राखा, ऊब वाढताच तो उचल घेईल. मुळ्या तपकिरी, सालपट सुटलेल्या निघाल्या तर ती ओळ काढून टाका. नवं रोप त्याच आळ्यात लावू नका, वीतभर बाजूला, वाफसा असलेल्या मातीत लावा.